हात वाळेपर्यंत

८ सप्टेंबर

अश्वजितदादा,

सप्रेम जय भीम, आणि आमच्याकडून सलाम.

पत्र पाहून तुला वाटेल, हिला झालं तरी काय. पोलीस भरतीच्या प्रशिक्षणात रविवारी तुमचे मोबाइल परत देतात हे मला माहीत आहे. पण रविवारी प्रार्थनेहून आलं की आई दिवसभर माझ्याजवळच असते, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर बोलता येत नाही.

आईवर आळ आला आहे. मी तिथे नव्हते, म्हणून आईकडून आणि बंजारा तांड्यावरच्या सुंदरबाईंकडून जे ऐकलं तेवढंच लिहिते. दोघींचं सांगणं जुळतं.

सुंदरबाईंना नातू झाला. त्यांच्या सेवादासचा मुलगा, पहिलाच. वजन कमी होतं, म्हणून आई आशाताई या नात्याने त्यांच्याकडे वरचेवर जात होती. गेल्या आठवड्यात ती बाळाचं वजन करायला गेली. तिने साबणाने हात धुतले. नवजात बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि कापडाने न पुसता, वर धरून, हवेत वाळू द्यायचे असं त्यांना शिकवलेलं आहे, कारण धुतलेले हात पदराला पुसले तर धुऊन उपयोग काय. तशी ती हात वर धरून उभी होती. आणि हात वाळेपर्यंत तिने डोळे मिटले. ती नेहमीच मिटते. लाभार्थी कोणत्याही जातीधर्माचा असो, कामाला हात घालण्याआधी ती मनातल्या मनात प्रार्थना करते. मला वाटतं तिला स्वतःलाही ते आता कळत नसेल.

सेवादास दारात होता. त्याला दिसलं ते असं: एक ख्रिस्ती बाई त्याच्या लेकरावर हात धरून उभी, डोळे मिटलेले, ओठ हलत आहेत, आणि बोटांवरून पाणी लेकराच्या कपाळावर पडतं आहे. त्याने मोबाइल काढला. तो छोटासा व्हिडिओ आता गावात आणि तांड्यावर सगळ्यांकडे आहे. खाली लिहिलं आहे, ‘आशाताई पाणी टाकून आपली लेकरं बाटवते.’

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आईला आशा म्हणून काढून टाकावं असा अर्ज त्याने दिला आहे. बाबा गेल्यापासून घर ह्याच कामावर चालतं, हे तुला सांगायला नको. पण खरं सांगू, पगारापेक्षाही मला दुसरी भीती वाटते. हे काम गेलं तर आई कोण उरेल, ते मला दिसत नाही.

मला एक उपाय सुचला आहे. तिने फक्त एवढंच सांगावं, ‘मी हात वाळवत होते.’ ते खोटं नाही. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत चित्रच आहे तसं. पण आईला मी अजून सांगितलेलं नाही. हा उपाय खरा असून चुकीचा आहे अशी काहीतरी टोचणी मला लागून राहिली आहे. तू सांग.

तुझ्या घरी मामांना हे कळवू नकोस. ते म्हणतील, मी आधीच बोललो होतो.

तुझी,
साधना

*

१५ सप्टेंबर

साधना,

जय भीम. पत्र मिळालं. बराकीत कोणाला पत्र आलं की सगळे गोळा होतात, मुलीचं अक्षर दिसलं तर जास्तच. मी सांगितलं, आतेबहीण आहे, तेव्हा कुठे पांगले.

तुझा उपाय एकदम बरोबर आहे. त्यात टोचणी कसली. आत्या हात वाळवत होती, पुस्तिका दाखवायची, विषय संपला. आमच्याकडे हात वर केले की कवायतीचे उस्ताद आणखी वर करायला लावतात, पण त्याला कोणी धर्मांतर म्हणत नाही. प्रार्थनेचं नावही काढू नका. जे विचारलं नाही ते सांगायचं नाही, हे इथे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळतं. आणि त्या सेवादासने परवानगीशिवाय घरी आलेल्या बाईचा व्हिडिओ काढून पसरवला, त्याची उलट तक्रार करता येईल. मला वाटतं करावी.

आता माझं दुसरं. रागावू नकोस, आपण लहानपणापासून हे बोलत आलोय. आत्यासारखी बाई, जिच्या हातून कधी चूक होत नाही, तिला डोळे मिटायची गरजच काय? काळजी घ्यायची ती घेतेच. मग आणखी कोणाला विनवायचं? आणि पप्पा नेहमी म्हणतात ते मी कधी तुझ्यापुढे बोललो नव्हतो, आज बोलतो. आत्याने लग्नासाठी धम्म सोडला, असं ते मानतात. तुझे बाबा, आमचे काका, देवमाणूस होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण काका गेले. आता ती कोणासाठी धरून बसली आहे?

हे तिला विचार. माझ्या नावाने विचार. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पायाला फोड आलेत, बाकी उत्तम.

अश्वजित

*

२१ सप्टेंबर

अश्वजितदादा,

विचारलं. दोन्ही विचारलं, आणि माझा उपायही सांगितला. आई ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी मुद्दाम सोलायला बसले, म्हणजे तोंडाकडे पाहावं लागत नाही.

मी म्हटलं, ‘आई, तू फक्त हात वाळवत होते एवढंच सांग.’

ती म्हणाली, ‘हात वाळून राह्यले व्हते हे खरंच हाय.’

‘मग तेवढंच सांग ना.’

‘अन् त्यायनं इचारलं, डोळे काहून मिटले, तं?’

‘नाही विचारणार.’

‘मंग तू कायले एवढी भेली?’

मी पुढची शेंग उचलली. ती सोलत राहिली. मग म्हणाली, ‘साधना, अर्धी गोष्ट सांगितली तं लोकायले उरलेली अर्धी स्वतःच्या मनानं भरावी लागते. त्यापरीस मीच भरून देते. मी जे केलं त्याची मले लाज नाई, मंग ते झाकू कायले?’

दादा, बाबांनी मला घरीच अक्षरं शिकवली, शाळेत तर मी उशिरा गेले, हे तुला आठवत असेल. चुलीजवळ कोळशाने फरशीवर लिहायचे ते. चुकलं की पुसायचे नाहीत. बाजूला बरोबर अक्षर काढायचे आणि म्हणायचे, दोन्ही पाहा. मला वाटायचं ही सवय बाबांची. आता कळतं, त्यांच्या घरी ती आईने आणली असावी.

आता तुझे प्रश्न. मी तिचेच शब्द लिहिते, मला आठवतात तसे.

चूक होत नाही तर विनवायचं कशाला, यावर आधी ती हसली. म्हणाली, ‘अश्वजित मोटरसायकलवर निंगाला की त्याची आई म्हणते, सांभाळून जाय. तिच्या म्हणण्यानं बिरेक लागते काय? बिरेक त्याले पायानंच दाबा लागते. तरी ती म्हणते, अन् तो गावाबाहीर निंगेपर्यंत हळू जाते. मी देवाले बोलते अन् माहा हात हळू चालते. तो पोरगा दीड मुठीचा हाय, त्याले उचलताना हात हळूच चालला पाह्यजे. त्याले सांग, देव आयकते का नाई, हे तुले मानाचं नसंन तर नको मानू. मी मानते. पण बोलून मी आंधळी होत नाई, आणखी डोळस होते, एवढं तं तुले बाहेरूनबी दिसंन.’

आणि मामांचं. ते मी दबकत विचारलं. तिने शेंग हातात तशीच धरली.

‘माह्या भावानंच मले शिकोलं, इचारल्याबिगर काही मानू नको. मी लहान व्हती, तो कॉलेजात जाये. बुद्धानं काय सांगतलं, ते मले तोच वाचून दाखवे. मी त्याचंच आयकलं. मी इचारलं. तुह्या बाबाले लग्नाआधी वर्षभर इचारलं, चर्चच्या पाळकसायबाले इचारलं, त्यायले घाम फुटेस्तोवर इचारलं. मले उत्तर भेटलं. आता ते उत्तर माह्या भावाच्या मनाजोगतं आलं नाई, त्याले मी काय करू? इचारायले शिकवणाऱ्यानं एवढं तं सोसा लागते.’

मी विचारलं, ‘काय उत्तर भेटलं?’ लाज वाटते सांगायला, पण इतक्या वर्षांत मी हे तिला कधी विचारलंच नव्हतं. मी जन्मापासून ख्रिस्ती, मला आयतं मिळालं.

ती म्हणाली, ‘मी तवा दवाखान्यात आयाचं काम करो. रोज दुखणं पाहो. मले वाटे, देव असंन तर तो वर बसून हे पाहून कसा राह्यते? मंग मले कळलं की हा वर बसून राह्यला नाई. खाली आला. भुकेला झाला, रडला, लोकायनं खोटे आळ घातले, मारलं, तवाबी त्यानं कोणाले शाप देल्ला नाई. दुखणं माहीत नसलेला देव माह्या कामाचा नाई, साधना. हा माहीत असलेला भेटला. म्हून धरला. तुह्या बाबासाठी धरला असता तर त्यायच्याबरोबर मातीत ठेवून आली असती.’

मग म्हणाली, ‘अन् सेवादासची तक्रार-बिक्रार करायची नाई. त्याचं पहिलं लेकरू हाय. भेलेला माणूस हाय तो.’

दादा, आई अशी बोलू शकते आणि मी तिची मुलगी असून चक्कीवर दळण घेऊन गेले की बायका बोलायच्या थांबतात, तेव्हा मला मानही वर करवत नाही. काल तर डबा तिथेच ठेवून परत आले. तिला सांगितलं, वीज गेली होती. बघ, मी अर्धंही सांगत नाही.

साधना

*

२७ सप्टेंबर

साधना,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा शांतपणे. राग यासाठी की आत्याच्या मुद्द्याला मला चटकन उत्तर सापडलं नाही. शांतपणे वाचलं तरी सापडलं नाही, पण तेवढा राग आला नाही.

मी मानत नाही, हे तुला माहीतच आहे. ते बदललेलं नाही. पण ‘विचारायला शिकवणाऱ्याने सोसावं लागतं’ हे वाक्य मी कोणाला तरी ऐकवणार आहे.

एक विचारायचं होतं. मी दुसरीत असताना मला कावीळ झाली होती आणि आत्या आमच्याकडे येऊन राहिली होती. माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची. तेव्हाही ती डोळे मिटायची का? मला काहीतरी आठवतं, पण खरं आठवतं की आता सुचतं, कळत नाही.

२ तारखेला इथे मोठी परेड आहे, सुट्टी मिळणार नाही. तू लिहिलंस तसं पप्पांना सांगायचं नाही, हे लक्षात आहे.

ग्रामसभेनंतर लगेच लिही.

अश्वजित

*

३ ऑक्टोबर

अश्वजितदादा,

काल रात्री लिहायला बसले होते, अक्षर बरं येईना म्हणून फाडलं. आता सकाळी नीट लिहिते. काही राहिलं तर नंतर कळवीन, पण माझ्या मनाची काही भर घालणार नाही.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सोयाबीनची काढणी सुरू आहे, मला वाटलं होतं माणसं येणार नाहीत. पण तमाशा असेल तर वेळ काढतात. तांड्यावरून दोन ऑटो भरून आले. सरपंच गणेशभाऊंनी सेवादासचा अर्ज वाचला आणि म्हणाले, ‘भागिरथाबाई, बोला. पण थोडक्यात, लोकायले वावरात जायचं हाय.’

आई उभी राहिली. मी तिच्या मागे सतरंजीवर बसले होते, मला तिच्या टाचाच दिसत होत्या.

ती बोलायच्या आधीच सेवादासने विचारलं, ‘मावशी, एकच सांगा. तुमी डोळे मिटून पुटपुटून राह्यल्या व्हत्या का नाई?’

तोच प्रश्न, दादा. मी तिला म्हटलं होतं, नाही विचारणार.

आई म्हणाली, ‘हो. प्रार्थना करत व्हती.’

गलका झाला. कोणीतरी म्हणालं, ‘पाहा, कबूल केलं.’

‘कबूल करायले मी काय चोरी केली?’ आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, लसीकरणाच्या दिवशी बायकांना सांगते तसाच होता. ‘हात धुतले. ते पुसत नसतात, वाळू द्या लागतात. ते वाळेपर्यंत मी माह्या देवाले मागते, का माह्या हातानं ह्या लेकराचं वाईट होऊ नये. कोणाच्याबी लेकरासाठी मागते. लेकरासाठी मागितलं, लेकरावर काही केलं नाई. पाणी पडलं ते धुतलेल्या हाताचं. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तं माणसाले स्वतःच्या तोंडानं मागा लागते, अन् पाळक महिनोनमहिने इचारत राह्यते, खरंच पाह्यजे का म्हून. झोपलेल्या लेकराले चोरून देता येत नाई. देला तं आमीच त्याले बाप्तिस्मा म्हणत नाई.’

मागून एक जण म्हणाला, ‘मंग तुमचा देव खरा अन् आमचा खोटा, असंच ना?’

मला वाटलं, आता संपलं. या प्रश्नाला काहीही उत्तर दिलं तरी माणूस सापडतो.

आई म्हणाली, ‘मी खरा समजते म्हून तं मानते, भाऊ. खोटा समजून कोणी मानते काय? तुमीबी तुमचा खरा समजूनच मानता. ह्यात भांडण नाई. भांडण तवा होईन, जवा मी तुमच्या घरात येऊन तुमच्या देवापुढच्या दिव्याले नाव ठेवीन. सुंदरबाई, ठेवलं काय कधी?’

सुंदरबाई बायकांत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘नाई वो. उलट दिव्याकडे पाठ होऊ नये म्हून सरकून बसते. मीच म्हणते, बस न बाई, जागा कुठी हाय.’ मुलाच्या विरुद्ध बोलताना त्यांनी पदर तोंडाला लावला होता, पण बोलल्या.

‘अन् गड्यांनो,’ आई म्हणाली, ‘औषध नाक दाबून पाजता येते. ह्याच सेवादासले शाळेत जंताची गोळी चारली, दोन मास्तरायनं हात धरले व्हते, तरी मले चावला.’ लोक हसले. सेवादास हसला नाही. ‘विश्वास तसा पाजता येत नाई. पाजला तरी पोटात टिकत नाई. तुमाले वाटते मी पाण्याच्या थेंबानं माणूस बदलते. माह्या भावाच्या पोरासाठी तो एवढुसा व्हता तवापासून डोळे मिटून मागून राह्यली. काविळीत तर रोज त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली अन् मागितलं. आज तो पोलीस व्हऊन राह्यला, अन् मले फोन करते तं पह्यला शब्द जय भीमच बोलते. थेंबानं होत असतं तं आधी तोच झाला असता.’

तर तुला तुझं उत्तर मिळालं. भर सभेत.

लोक हसत असताना मागून एक ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. मी वळून पाहिलं. शाळेच्या नळाजवळ मामा उभे होते. पांढरा शर्ट, हातात पिशवी, एसटीतून उतरून थेट आलेले. किती वेळ उभे होते कोण जाणे. आईने अजून पाहिलं नव्हतं.

मामा म्हणाले, ‘सरपंचसायेब, बाहेरगावचा हाय, दोन शब्द बोलू द्या. मी जानराव, हिचा भाऊ. मी बौद्ध हाय. देव-बिव मी मानत नाई. हिच्याशी माहा वाद हिच्या लग्नापासून चालू हाय, अन् अजून मिटला नाई. मी लय घालून-पाडून बोललो हिले. पण वाद जिंकायसाठी ही एकबी वाक्य खोटं बोलली नाई, अन् माह्या घरातून कोणाले फोडून नेलं नाई. माह्या पोराच्या उशाशी बसली, तवा मी दुसऱ्या खोलीत व्हतो. मले मालूम व्हतं ती प्रार्थना करते म्हून. मी अडवली नाई. काहून, तं पोरगं तिच्या हातात शांत झोपे.’ मग म्हणाले, ‘बस, एवढंच,’ आणि नळाला टेकले.

आईने तेव्हा वळून पाहिलं. तिच्या टाचा थोड्या उचलल्या गेल्या, लहान मुलगी गर्दीतून कोणाला पाहते तशा.

मला वाटलं आता झालं. पण सेवादास उठला. त्याचा चेहरा रडवेला होता. म्हणाला, ‘सगळं बराबर असंन. पण घर माहं व्हतं, लेकरू माहं व्हतं. मले इचारायचं तं एकडाव.’

मी मनात म्हटलं, आई, आता जिंकलीस, उत्तर दे त्याला. व्हिडिओचं काढ.

आई म्हणाली, ‘हे तुहं बराबर हाय.’

आणि पुढे म्हणाली, ‘माह्यासाठी ती सवय हाय, तुह्यासाठी ती नवी गोष्ट. मी इचाराले पाह्यजे व्हतं. इथून पुढं ज्या घरात नको म्हणतीन त्या घरात मी डोळे मिटणार नाई. तांड्याच्या अलीकडं निंबाचं झाड हाय, तिथी रस्त्यावर उभी राहीन, मागून घेईन, मंग आत येईन. रस्ता सगळ्यायचा हाय. अन् मागनं सोडा म्हणसान तर ते मी सोडणार नाई, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर फसवलं म्हणू नका.’

गणेशभाऊंनी विचारलं, अजून कोणाला काही बोलायचं आहे का. कोणी बोललं नाही. ठराव झालाच नाही. अर्ज तसाच राहिला आणि आई आशाताई राहिली. सेवादास आईकडे न पाहता ऑटोत जाऊन बसला.

मामा घरी जेवले. मुगाचं वरण होतं. दोघं जेवताना तुझ्या पायाच्या फोडांबद्दल बोलले, बाकी कशाबद्दल नाही. जाताना मामा उंबऱ्यात म्हणाले, ‘भागू, वाद अजून मिटला नाई बरं.’ आई म्हणाली, ‘मिटवाले ये मंग दिवाळीत.’

मामांना कोणी कळवलं, मी विचारणार नाही.

साधना

*

१२ ऑक्टोबर

साधना,

विचारू नकोसच. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं, नीट वाच. ‘लक्षात आहे’ एवढंच लिहिलं होतं. तुझ्या आईच्या हिशेबात ही अर्धी गोष्ट होते, म्हणून उरलेली अर्धी आता भरून देतो: ते पत्र टाकलं त्याच रविवारी मी पप्पांना फोन केला आणि आत्याचं ते सोसण्याचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते म्हणाले, ‘भागूकडं जायले मंगरूळची एसटी किती वाजता असते?’

तुझं पत्र मी बराकीत दोघांना वाचून दाखवलं. एकाने विचारलं, मग तुझी आत्या जिंकली का? इथे आम्हाला जमाव कसा आवरायचा ते शिकवतात. ढाल कशी धरायची, ओळ कशी करायची. ‘हे तुहं बराबर हाय’ असं म्हणून जमाव शांत करायचा धडा कुठल्या पुस्तकात नाही. तिने जे सोडायचं होतं ते लगेच सोडलं आणि जे सोडायचं नव्हतं ते तिथेच सांगून टाकलं. मी एवढ्या मोठ्या सभेत उभा राहिलो असतो तर नेमकं उलटं केलं असतं.

मी अजूनही मानत नाही. पण कोणी मला विचारलं की मानणारी माणसं विचार करतात का, तर माझ्याकडे आता एक नाव आहे.

कावीळ आठवली. डोळे मिटायची. मला वाटायचं, तिला झोप येते.

ती खरंच त्या झाडाखाली थांबते का?

अश्वजित

*

२४ नोव्हेंबर

अश्वजितदादा,

थांबते. ऊन असो की नसो. पहिल्यांदा तांड्यावरची पोरं लांबून पाहायला यायची, आता येत नाहीत. कुत्री ओळखतात. एकदा बकऱ्या चारणारी म्हातारी म्हणाली, ‘माह्या गुडघ्याचंबी सांग त्याले.’ आईने सांगितलं म्हणे.

सेवादासच्या घरी मात्र तिचं जाणं बंद झालं होतं. तो दार लावून घ्यायचा. बाळाचं वजन दुसऱ्या आशाताई येऊन करायच्या. आई कोणाला काही बोलली नाही. फक्त त्या दिशेला गेली की परत यायला उशीर लावायची.

परवा दुपारी आम्ही तुरीच्या शेंगा उकडत होतो. सेवादासची मोटरसायकल दारात येऊन थांबली. तो उतरला नाही. म्हणाला, ‘मावशी, लेकरू दूध घेऊन नाई राह्यलं. छाती आत जाऊन राह्यली त्याची. ती दुसरी ताई लग्नाले गेली. चलता काय?’

आईने पिशवी उचलली आणि मला म्हणाली, ‘तू पण बस, बाळ धरायले लागंन.’ तिघं एकाच गाडीवर. तो इतकी जोरात चालवत होता की निंबाचं झाड कधी आलं आणि कधी मागे गेलं, कळलंच नाही. मी तिच्या पाठीला चिकटून बसले होते. मला वाटलं, थांबा म्हण ना. पण तिने शब्द दिला होता तो झाडाखाली मागायचा. गाडी अडवायचा नव्हता.

घरात सुंदरबाई बाळाला मांडीवर घेऊन होत्या. बाळ कण्हत होतं. आईने लांबूनच छातीकडे पाहिलं, श्वास मोजले आणि म्हणाली, ‘लगेच दवाखान्यात न्या लागते. साधना, अॅम्बुलन्सले फोन लाव. तवरक मी ताप पाह्यते. पाणी द्या हातावर.’

पाणी सेवादासने घातलं. साबण त्यानेच दिला. तिने हात धुतले आणि वर धरले. डोळे उघडे ठेवून दाराकडे पाहत होती. मी फोनवर पत्ता सांगता सांगता हे पाहत होते. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी लिहू शकत नाही. ओठ घट्ट मिटलेले होते.

सेवादास तांब्या धरून तिथेच उभा होता. म्हणाला, ‘मावशी, झाडापाशी थांबलो नाई आपण.’

‘ऱ्हाऊ दे. घाई व्हती.’

‘मंग आता करून घ्या.’

आई म्हणाली, ‘तुह्या घरात नाई म्हटलं व्हतं मी.’

‘घर माहं हाय,’ तो म्हणाला. ‘मी म्हणून राह्यलो.’ आणि थोड्या वेळाने, ‘मी काही मानत नाई हां त्याले. हे सांगून ठेवतो.’

‘मालूम हाय मले.’

‘पण तुमी मागा.’

आईने डोळे मिटले. सुंदरबाईंनी दिव्याकडे पाहून हात जोडले, आपल्या पद्धतीने. सेवादासने काहीच केलं नाही, फक्त मोबाइल वाजला तो खिशातल्या खिशात बंद केला. मला पहिल्यांदा भीती वाटत नव्हती, दादा. मीही मिटले, पण मधेच उघडून पाहिलं. ते चुकलं असेल, पण पाहिलं म्हणून तुला सांगू शकते.

बाळ आता वाशिमला दवाखान्यात आहे, दूध घेतं, उद्या-परवा सोडतील. ते औषधाने बरं झालं, आईच असं सांगते. आणि मागितलं होतं, हेही सांगते. सेवादास दोन्ही ऐकून घेतो.

बाकी सगळं त्या दुपारी घाईत झालं. एवढंच डोळ्यांपुढे राहिलं आहे की आईचे हात केव्हाच वाळले होते. ती आणखी क्षणभर तशीच उभी राहिली, आणि त्या घरात कोणी तिला घाई केली नाही.

तुझी,
साधना